दाता यंत्र

माझ्या दाजींनी बोट बांधली ती घराच्या अंगणात, आणि त्या अंगणापासून समुद्र इतका लांब की आमच्या गल्लीतल्या पोरांना समुद्रातलं मीठ तेवढं ठाऊक होतं, तेही पुड्यातलं. येणारा-जाणारा कुंपणावरून विचारायचा, "काय हो, पूर यायची वाट बघताय का?" दाजी उत्तर द्यायचे नाहीत. उत्तर असं ते सहसा कुणालाच देत नसत. लग्न ठरताना ते 'हो' म्हणाले आणि त्यानंतर माझ्या बहिणीशी पहिलं वाक्य बोलले ते तिसऱ्या वर्षी, तेही "खिडकी लाव" एवढंच, अशी आमच्या घराण्यात एक वदंता आहे. ती मीच उठवलेली आहे, पण ताईने ती कधी खोडून काढली नाही.

बोट पुरी झाली तेव्हा दाजी निवृत्त होऊन बसले होते आणि ताईचे केस पिकले होते. मला वाटलं, आता हिच्यात कुंड्या ठेवतील. ताई म्हणाली, "इतकी वर्षं मी हिच्याभोवती झाडू मारला. आता मला हिच्यात बसून जायचंय. जिथून कुठल्याच बाजूला किनारा दिसत नाही तिथे जाऊन मला एक कप चहा प्यायचाय. आणि थापाड्या, तू पण चल."

"मी कशाला?"

"यांच्याबरोबर एकटीने महासागर ओलांडला तर पलीकडे पोचेपर्यंत मी बोलायचं विसरून जाईन."

म्हणून बोट ट्रकवर चढवून समुद्राला नेली तेव्हा मीही गेलो. पोहता येत नव्हतं, पण बोलता येत होतं.

दाजींचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ते साबणाच्या कारखान्यात फिटर होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा असा सुगंध सुटायचा की गल्लीतल्या मधमाश्या त्यांना दारापर्यंत सोडायला यायच्या. वड्या पाडायची तिथली यंत्रं फार जुनी. त्यांचे सुटे भाग जगात कुठेच मिळत नसत. म्हणून खात्यात एक रीत होती: रांगेतलं शेवटचं यंत्र कायम बंद ठेवायचं. त्याला 'दाता' म्हणायचे. चालत्या यंत्राचं काही मोडलं, की दात्याचं काढायचं आणि तिकडे बसवायचं. पिन म्हणा, पट्टा म्हणा, झडप म्हणा. अशा रितीने दाजींनी सगळी नोकरी काढली आणि त्यांच्या हातून साबणाची एक वडी कधी अडली नाही. दुसऱ्यांना जे यंत्र भंगार दिसायचं त्याची धूळ दाजी रोज स्वतः पुसायचे.

बोटीवर दाता नव्हता. बोटीवरची प्रत्येक वस्तू कामावर होती. हे दाजींच्या डोक्याला कळत होतं. हातांना कळत नव्हतं.

ताईने निघताना बोटीवरच्या यंत्रांना नावं दिली. मागच्या बाजूला वाऱ्याचा अंदाज घेऊन आपलं आपण सुकाणू सांभाळणारं एक यंत्र होतं, त्याचं नाव जावईबापू. कारण त्याला फार जपावं लागायचं आणि जरा मनाविरुद्ध झालं की ते तोंड फिरवून बसायचं. खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र म्हणजे सासूबाई: दिवसभर कुरकुर, आणि शेवटी वाटीभर गोडवा. इंजिनाला ती 'आजोबा' म्हणायची, कारण ते आधी खोकायचं आणि मग उठायचं. एका वस्तूला मात्र तिने नाव दिलं नाही. खाली जायच्या जिन्याशेजारी खुंटीवर एक पिवळा डबा अडकवलेला होता, त्यावर लाल बटण. अगदी जिवावर बेतलं तर ते बटण दाबायचं. हाक थेट आभाळातल्या उपग्रहापर्यंत जाते आणि त्या भागात असेल ते जहाज तुमच्याकडे वळवतात. जहाज माणसं उचलून घेतं. बोट घेत नाही. ती तिथेच समुद्राच्या हवाली करावी लागते.

सुरुवातीचे दिवस इतके झकास गेले की मला शंकाच यायला हवी होती. मासे उडत येऊन डेकवर पडायचे. एक तर नेमका तव्यात पडला आणि त्याने आपली आपण बाजू बदलून घेतली. एक लाट एवढी उंच आली की तिच्या माथ्यावरून आमच्या घराची कौलं दिसली असती, मध्ये ढग आला म्हणून राहिलं. आणि एका सकाळी ताईने चारी दिशांना पाहिलं, किनारा कुठेच नाही असं ठरवलं आणि चहा टाकला. प्यायली, आणि म्हणाली, "घरच्यासारखाच लागतो." पण तो कप तिने दोन्ही हातांत किती वेळ धरून ठेवला होता!

पहिले रुसले ते जावईबापू. आतली एक पिन तुटली आणि बोट वाऱ्यात गरगरायला लागली. दाजी खाली गेले, थोड्या वेळाने वर आले, आणि जावईबापू पुन्हा कामाला लागले.

"पिन कुठून आणली?" मी विचारलं.

"होती."

चुलीची होती. बोटीवरची चूल झोपाळ्यासारखी टांगलेली असते, बोट कितीही कलली तरी वरचं भांडं सरळ राहावं म्हणून. तिची एका बाजूची पिन दाजींनी काढली होती आणि त्या जागी तार गुंडाळली होती. कारखान्यात एवढ्यावर वर्ष निघालं असतं. इथे दुसऱ्या दिवशी ताई चहाचं आधण ठेवून उभी असताना बोट कलली, तार सुटली, आणि सगळं आधण तिच्या उजव्या पायावर घोट्यापासून वर गुडघ्यापर्यंत सांडलं.

ताई ओरडली नाही. ओठ आवळून बसली आणि म्हणाली, "चहा गेला."

दाजींनी पाय धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली. त्यांचे हात इतके हलके फिरत होते की मी माझी बडबड बंद केली. पण खाऱ्या दमट हवेत जखम सुकायचं नाव घेईना. ओली ती ओलीच राहिली, मग कडेने हिरवट झाली. औषधांच्या पेटीतल्या गोळ्या सुरू केल्या. ताप उतरला, पुन्हा चढला.

माघारी फिरावं म्हटलं तर मागचा किनारा पुढच्यापेक्षा लांब झाला होता. म्हणून दाजी इंजिन लावून जोर काढायला लागले. आजोबांना थंड ठेवणारा पंप रबराच्या एका छोट्या चाकावर चालतो. ते चाक फाटलं. दाजींनी स्वतःच्या बुटाचा तळ कापून चाक केलं, आणि खोटं नाही सांगत, त्या बुटावर आम्ही दोन दिवस चाललो! मग डिझेलच्या नळीची झडप गेली, तेव्हा त्यांनी गोड्या पाण्याच्या टाकीची झडप काढून तिकडे लावली. त्या वेळी मीच त्यांच्या पाठीवर थाप मारली होती. "दाजी, तुम्ही मेलेल्या यंत्राच्या कानात सांगितलं तर तेही उठून बसेल," असं म्हटलं होतं मी.

तिसऱ्या दिवशी बूट वितळला, आजोबा तापले, एकदाच मोठ्याने खोकले आणि जागच्या जागी घट्ट झाले. इंजिन बंद म्हणजे वीज बंद, आणि वीज बंद म्हणजे सासूबाई आणि वायरलेस दोन्ही बंद. त्याच संध्याकाळी मी टाकीतलं पाणी प्यायलो आणि थुंकलो. झडप काढलेल्या भोकातून समुद्र टाकीत शिरला होता. आता प्यायला उरलं ते प्लास्टिकच्या कॅनमधलं.

त्यात आपण कुठे आहोत ते दाखवणारं हातातलं छोटं यंत्रही विझलं. सुटे सेल दमटपणाने फुगून गेले होते. दाजी ते घेऊन खाली जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत त्याचा पडदा पुन्हा उजळला. कसा, ते मी विचारलं नाही. मला आनंद झाला होता.

आणि मग वारा पडला.

वारा पडला म्हणजे काय, ते जमिनीवरच्या माणसाला सांगणं कठीण आहे. शिडं ओल्या कपड्यांसारखी लोंबत होती. मी एकदा शिंकलो तर बोट जरा पुढे सरकली, दाजी म्हणाले, "आणखी एक दे." प्रवासभरात त्यांनी केलेला तो एकच विनोद. त्यावर आम्ही तिघंही हसलो, आणि हसता हसता ताई थांबली ती दातखीळ बसल्यासारखी, कारण पाय हलला होता.

मग हसणं संपलं. सकाळी टाकलेलं कांद्याचं साल संध्याकाळी बोटीशेजारीच तरंगत असायचं. वर पांढरं ऊन, खाली आरशासारखं पाणी, आणि मध्ये तापलेली बोट. गोळ्या संपल्या. ताईचा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत लाल आणि टणक झाला. घोटभर पाणी दिलं की ती अर्धं परत करायची, "तू पी, तुझ्या तोंडाला जास्त काम असतं." मी तिला गोष्टी सांगत बसायचो. देवमाशाच्या पोटात न्हाव्याचं दुकान होतं ती, आणि चोराने विहीरच पळवली ती. पूर्वी ती मध्येच म्हणायची, "पुरे रे." आता म्हणेनाशी झाली. ज्याच्या थापेला कुणी टोकत नाही त्याला थापा मारणं किती जड जातं, ते मला तिथे कळलं.

मी वर गेलो. दाजी सुकाणूजवळ बसले होते. बोट चालत नव्हती, तरी ते धरून होते.

"दाजी, बटण दाबा."

"वारा येईल."

"यायचा तेव्हा येईल. तुम्ही पाय पाहिलात का?"

"पाहिला."

"मग?"

"वारा येईल."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी हात जोडले, चिडलो, आणि शेवटी जे बोलू नये ते बोललो. "सरळ सांगा ना, बोट सोडवत नाही. बायको काय, आज आहे उद्या नाही. बोट पुन्हा बांधायला आयुष्य उरलं नाही, असंच ना?"

दाजींनी मान खाली घातली. नाही म्हणाले नाहीत.

खालून ताईचा आवाज आला, "हळू बोल रे. पाय गेलाय माझा, कान नाही गेले." मग दाजींना, "अहो, ऐकताय का? तुमचा जीव बोटीत आहे ते मला आजचं नाही माहीत. त्याचा राग नाही. पण मला आता घरी जायचंय. दाबा ते."

दाजी उठले आणि पुढच्या टोकाला जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. बोटीवर कप्तानाचा शब्द मोडायचा नसतो म्हणतात. गेला कप्तान खड्ड्यात, असं म्हणून मी जिना उतरलो आणि डब्याला हात घातला. मागून धावत आलेल्या दाजींनी माझं मनगट पकडलं. असं पकडलं की हाड वाजलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात सोडून दिला.

मी बटण दाबलं. वर दिवा लुकलुकायला हवा होता. लुकलुकला नाही. पुन्हा दाबलं. अंगठ्याने दाबून धरलं. डबा हातात घेऊन हलवला. तो रिकाम्या खोक्यासारखा हलका होता.

"त्याचे सेल काढलेत," दाजी जिन्यावर बसत म्हणाले. "त्या हातातल्या यंत्राला घातले."

"परत घाला मग!"

"संपले ते. तेव्हाच, दोन दिवसांत."

"अहो पण याचे? याचे काढले तुम्ही?"

"तो नुसता लटकलेला होता," दाजी म्हणाले. एवढं लांब बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "निघाल्यापासून काही करत नव्हता. बाकी सगळी राबत होती. हा तेवढा बंद. मी विचारच केला नाही. हात गेला."

बायकोपेक्षा बोट प्यारी असं मी त्यांना म्हटलं होतं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं होतं. खरं होतं त्याच्यापेक्षा तो आरोप त्यांना बरा वाटला होता.

ताईने बिछान्यावरून सगळं ऐकलं होतं. बराच वेळ ती वरच्या लाकडाकडे पाहत राहिली. ते लाकूड दाजींनी तिच्यासाठी इतकं घासलं होतं की त्यात चेहरा दिसायचा.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "कारखान्यातून तुम्ही निवृत्त झालात."

आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. माझ्याशी दोन-चार शब्द बोलायची. ते पाणी घेऊन आले की तोंड उघडायची, प्यायची, आणि डोळे मिटायची. दाजी शेजारी बसून राहायचे. न बोलणारा माणूस बायकोच्या एका शब्दासाठी कसा तिष्ठत बसतो, ते मी पाहिलं. देवाने कुणाला दाखवू नये.

जहाज दिसलं ते एका दुपारी. आधी मला वाटलं, माझेच डोळे मला थापा मारताहेत. क्षितिजावर एक काळी काडी, मग काडीखाली डबा. मदत मागायला आभाळात सोडायचे दारूकामाचे बाण काढले. दमट होते, फुसफुसले आणि पाण्यात पडले. दाजींनी एक क्षण जहाजाकडे पाहिलं आणि चाकू काढला. मोठं शीड त्यांनी खाली ओढलं. ते ताईने स्वतः शिवलं होतं, घरातल्या पुढच्या खोलीत, सोफा बाहेर काढून. ते त्यांनी फाडलं, इंजिनावरचं पत्र्याचं झाकण उलटं करून त्यात कोंबलं, वर उरलेलं डिझेल ओतलं आणि पेटवलं. काळा धूर सरळ वर गेला. तेवढ्यापुरता वारा नव्हता ते बरं झालं. शीड संपल्यावर दुसरं शीड. मग कपाटांची दारं. मग जेवणाचं टेबल. दाजी एकेक तोडून आणत होते आणि घालत होते, चेहऱ्यावर काही नाही, फक्त हात.

जहाज आडवं निघून चाललं होतं. मग त्याची बाजू आखूड झाली. ते वळलं.

"ताई, वळलं गं, वळलं!" मी खाली धावत जाऊन ओरडलो. तिने माझं बोट धरलं. हात तव्यासारखा भाजत होता. "खरं?" ती म्हणाली. "की आपलं नेहमीचं?"

"खरं गं."

जहाज म्हणजे लोखंडाची एक भिंत, आमच्या डोक्यावर चार मजले गेलेली. वरून कापडाची झोळी आली. आम्ही दोघांनी ताईला तिच्यात बांधलं. दाजींनी तिच्या पायाखाली स्वतःचा सदरा घडी करून ठेवला, आणि बांधून झाल्यावरही ते एक पट्टा उगीच घट्ट करत राहिले, म्हणजे ती काही म्हणेल तर म्हणायला वेळ मिळावा. ती शुद्धीत होती की नाही, मला सांगता येणार नाही. झोळी वर गेली. मग मी दोरीच्या शिडीने गेलो, कारण तिच्याजवळ घरचं कुणीतरी हवं होतं. कप्तान शेवटी.

मी कठड्यावरून आत पडलो आणि उठलो, तेव्हा त्यांनी झोळी डेकवर ठेवली होती. जहाजावर औषधपाणी बघणारा एक दाढीवाला तिच्याजवळ गुडघ्यावर बसला होता. त्याने तिच्या मानेवर बोटं ठेवली होती. ती त्याने काढली, आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

"पुन्हा बघा," मी म्हणालो.

त्याने पुन्हा पाहिलं. चांगला माणूस होता, खूप वेळ पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर आलेला केस बाजूला केला.

जहाजाचा कप्तान वरून कर्ण्यातून घाई करत होता. लाट उठायला लागली होती आणि आमची बोट लोखंडावर आपटत होती. मी कठड्यावरून वाकलो. दाजींनी शिडी धरलेली नव्हती. ते सुकाणूजवळ जाऊन बसले होते.

"दाजी, चला वर!"

"तुम्ही व्हा पुढे," ते खालून म्हणाले. "मी बोट घेऊन येतो."

शीड नाही, इंजिन नाही, पाणी नाही. मी बोट घेऊन येतो! आणि त्यांनी ते भाजी घेऊन येतो म्हणावं इतक्या साधेपणाने म्हटलं.

"अहो, वेड लागलं का? या वर!"

त्यांनी मान हलवली. मग एक हात डोळ्यांवर धरून माझ्याकडे पाहिलं. "तिला पाणी दिलं का रे?"

"दिलं."

"प्यायली?"

"पेलाभर प्यायली. आणखी मागतेय."

"काही..." ते थांबले. लाटेने बोट वर उचलली आणि त्यांचा चेहरा अगदी जवळ आला. "काही बोलली का?"

माझ्या मागे दाढीवाला तिच्यावर चादर ओढत होता. मी मागे वळलो नाही.

"बोलली," मी म्हणालो. "म्हणतेय, त्या माणसाला सांग, वर या. दोन्ही हातांनी धरून या, गुडघा सांभाळा, आणि आता कशाला हात लावू नका म्हणावं."

दाजी उठले. सुकाणूवरून त्यांचा हात सुटला. ते बोटीच्या कडेला आले, शिडी हातात घेतली आणि थबकले.

"खरंच असं म्हणाली?"

"ताईची शपथ," मी म्हणालो.

त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.